‘झॅक्सन’मधील उंची आणि मराठीतील ‘वर’

१. विषयाची मर्यादा

सपाट पृष्ठभागावर खोली दाखविणे ही चित्रकाराची जुनी अडचण होय. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत हीच अडचण एका अगदी निराळ्या क्षेत्रात नव्याने उभी राहिली. ते क्षेत्र म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेमचे. चित्र पाहणाऱ्याने चित्रातील खोली चुकीची वाचली तरी त्याचे काही बिघडत नाही. चित्र आपल्या जागी असते आणि पाहणारा आपल्या जागी. खेळयंत्राच्या पडद्यावर मात्र उंची किंवा अंतर चुकीचे वाचले की यान भिंतीवर आदळते आणि डाव संपतो. वाचनातील चुकीची किंमत येथे तत्काळ द्यावी लागते. ह्या एका कारणामुळे असे खेळ अर्थबोधाच्या अभ्यासकाला उपयोगी पडतात. चिन्ह कोठे संदिग्ध आहे, ती संदिग्धता कोणत्या साधनाने दूर केली आहे आणि ते साधन काढून घेतल्यास काय होते, हे सर्व तेथे उघड्यावर पाहावयास मिळते.

प्रस्तुत लेखात १९८२ साली सेगा कंपनीने काढलेल्या ‘झॅक्सन’ ह्या अवकाशयुद्धाच्या खेळाचा विचार केला आहे. मुंबईच्या उपनगरांत ज्यांचे बालपण १९८० व १९९० च्या दशकांत व्हिडिओ गेम पार्लरांच्या आसपास गेले, त्यांना ह्या जातीची यंत्रे अपरिचित नाहीत. खेळाच्या जोडीला मराठीतील ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय घेतले आहे. ह्या अव्ययाची उदाहरणे साकीनाका परिसरातून घेतली आहेत. त्याचे कारण असे की, साकीनाक्यास रस्ता, मेट्रोचा उन्नत मार्ग आणि विमानांची वाट अशा तीन निरनिराळ्या पातळ्या एकाच नजरेच्या टप्प्यात येतात आणि तिन्हींविषयी बोलताना मराठी भाषक एकच अव्यय वापरतो. पडद्याने उंचीसाठी वेगळी खूण निर्माण केली. भाषेने ती केली नाही. असे का व्हावे, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे.

२. खेळाची रचना

१९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ किंवा १९७९ चा ‘गॅलॅक्सियन’ ह्या खेळांत पडदा दोनच मितींचा होता. खेळणाऱ्याचे यान तळाशी डावी-उजवीकडे सरके आणि शत्रू माथ्याकडून खाली येई. पडद्यावरील जागा हीच खेळातील जागा होती. तिचा अर्थ लावण्याचे काम खेळणाऱ्याकडे नव्हते.

‘झॅक्सन’मध्ये ही स्थिती पालटली. येथे यान डावीकडील खालच्या कोपऱ्याच्या बाजूने उजवीकडील वरच्या कोपऱ्याच्या दिशेने जात असल्याचे दिसते. खाली शत्रूचा किल्ला पसरलेला असतो. त्यात तोफा, क्षेपणास्त्रे, इंधनाची पिंपे व आडव्या भिंती असतात. काही भिंती ओलांडून जावे लागते, तर काहींच्या मोजक्या फटीतून यान नेमक्या उंचीवर न्यावे लागते. पहिला किल्ला संपला की मोकळे अवकाश येते, त्यानंतर दुसरा किल्ला आणि त्याच्या शेवटी ज्याच्यावरून खेळास नाव मिळाले तो झॅक्सन नावाचा यंत्रमानव. इंधन सतत घटत असते व पिंपे फोडली की ते वाढते. पिंप फोडल्यावर तेल सांडावयास हवे, ते यानास मिळते कसे, असा प्रश्न खेळणारा विचारीत नाही. खेळाचा हा संकेत तो पहिल्या डावातच स्वीकारतो. पडद्यावरील खोलीही अशीच संकेताने स्वीकारलेली गोष्ट आहे, हे पुढे दिसून येईल.

खेळाच्या नावातच त्याच्या चित्रणपद्धतीचा उल्लेख दडलेला आहे. ‘अ‍ॅक्सोनोमेट्रिक प्रोजेक्शन’ ह्या भूमितीतील संज्ञेतील अक्षरे घेऊन ते नाव बनविले आहे. ह्या पद्धतीला मराठीत समांतर प्रक्षेपण म्हणता येईल. तिच्यात वस्तूच्या लांबी, रुंदी व उंची ह्या तीन दिशांसाठी कागदावर तीन ठरावीक दिशा नेमलेल्या असतात आणि मुळात समांतर असलेल्या रेषा चित्रातही समांतरच राहतात. यथादर्शनाच्या पद्धतीत रेल्वेचे रूळ दूर जाऊन एकमेकांस मिळाल्यासारखे दिसतात; समांतर प्रक्षेपणात ते कधीच मिळत नाहीत. जपानी चित्रगुंडाळ्यांतील घरे-अंगणे ह्याच तऱ्हेने काढलेली असतात. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश ह्यांनी १८२२ साली ह्या पद्धतीच्या एका प्रकाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली, ती यंत्रांच्या रेखाटनांसाठी. अशा चित्रावर मोजपट्टी ठेवून तिन्ही दिशांची मापे घेता येतात, हा तिचा मोठा गुण होय.

खेळयंत्राच्या दृष्टीने ह्या गुणाला आणखी एक महत्त्व होते. ‘झॅक्सन’चे यंत्र झेड-८० ह्या आठ-बिटी प्रोसेसरवर चाले. दर क्षणी प्रत्येक भिंतीचा आकार तिच्या अंतराप्रमाणे नव्याने काढणे अशा प्रोसेसरला झेपणारे नव्हते. समांतर प्रक्षेपणात भिंत जवळ असो वा दूर, तिचा आकार तोच राहतो. म्हणून किल्ल्याचे चित्र लहान लहान चौकटींच्या तुकड्यांतून आधीच रचून ठेवावयाचे आणि ते तिरपे सरकवीत न्यावयाचे, एवढ्यावर काम भागे. यान पुढे जात आहे असे वाटते. वस्तुतः पार्श्वभूमी मागे सरकत असते.

३. एका ठिपक्याचे अनेक अर्थ

ह्या सोयीची एक किंमत होती. यानाचे स्थान सांगण्यास तीन संख्या लागतात: किती पुढे, किती बाजूस आणि किती उंच. पडद्याजवळ दोनच संख्या आहेत: किती आडवे आणि किती उभे. तीन संख्या दोहोंत बसवावयाच्या म्हणजे काहीतरी गमवावे लागणारच.

हिशेब साधा आहे. सोयीसाठी असे धरावे की, पुढे एक पाऊल गेल्यास पडद्यावरील ठिपका दोन घरे उजवीकडे व एक घर वर सरकतो. डावीकडे एक पाऊल गेल्यास तो दोन घरे डावीकडे व एक घर वर सरकतो. उंची एक पाऊल वाढल्यास तो केवळ एक घर वर सरकतो. आता एखादे यान एक पाऊल पुढे आणि एक पाऊल डावीकडे गेले, तर उजवीकडची दोन घरे व डावीकडची दोन घरे एकमेकांस खोडून टाकतात आणि ठिपका दोन घरे वर आलेला दिसतो. दुसरे यान जागचे न हलता दोन पावले उंच चढले, तर त्याचा ठिपकाही दोन घरे वर येतो. पडद्यावर दोन्ही यानांची जागा एकच. पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असलेल्या ठिपक्यातून त्यांपैकी कोणते यान आहे हे कळण्यास मार्ग नाही. अशी दोनच स्थाने नव्हेत, तर एका संपूर्ण रेषेवरील सर्व स्थाने त्या एका ठिपक्यात एकवटलेली असतात.

ही संदिग्धता खेळयंत्रांच्या आधी दीडशे वर्षे एका स्फटिकशास्त्रज्ञाच्या नजरेस आली होती. लुई नेकर ह्या स्विस शास्त्रज्ञाने १८३२ साली असे नोंदविले की, स्फटिकाचे रेखाचित्र पाहता पाहता एकाएकी उलटते. जी बाजू पुढे होती ती मागे जाते आणि मागची पुढे येते. कागदावरील एकही रेषा हललेली नसते. चित्र एकच, वाचने दोन. व्याकरणात ज्याला द्व्यर्थता म्हणतात, तिचेच हे दृश्य रूप होय. नेकरच्या स्फटिकाचे कोणतेही वाचन चालते. ‘झॅक्सन’मध्ये मात्र एकच वाचन यानास वाचविते.

४. संदिग्धतेवरील उपाय

ह्या अडचणीवर खेळाच्या रचनाकारांनी योजलेले उपाय पाहण्यासारखे आहेत.

पहिला उपाय सावलीचा. किल्ल्यावरून जाताना यानाची सावली जमिनीवर पडते. यान व सावली ह्यांतील अंतर जितके जास्त, तितके यान उंच. सावली जमिनीस जखडलेली असल्यामुळे तिच्या स्थानात उंचीचा अंश नसतो. म्हणून तिच्यावरून पुढचे-मागचे व डावे-उजवे स्थान निश्चित होते आणि उरलेला फरक उंचीच्या खाती पडतो. ज्या तिसऱ्या संख्येला पडद्यावर जागा नव्हती, तिला सावलीने जागा मिळवून दिली.

सावलीचे हे सामर्थ्य पुढे प्रयोगांनीही सिद्ध झाले. डॅनियल कर्स्टन, पास्कल मामासियन व डेव्हिड निल ह्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एका पेटीत फिरणाऱ्या चेंडूचे चलच्चित्र वापरले होते. पडद्यावरील चेंडूचा मार्ग दोन्ही खेपांना तंतोतंत एकच होता. बदलली होती ती फक्त सावलीची वाट. एका खेपेस चेंडू पेटीच्या तळावरून दूर जात आहे असे पाहणाऱ्यांना दिसले, तर दुसऱ्या खेपेस तो हवेत वर चढत आहे असे दिसले. चेंडूविषयीचा अर्थ अशा रीतीने चेंडूत नव्हता, त्याच्या शेजारच्या चिन्हात होता.

दुसरा उपाय उंचीच्या मापकाचा. पडद्याच्या कडेस एक उभी पट्टी असते व तिच्यावर यानाची उंची दाखविली जाते. मोकळ्या अवकाशाच्या टप्प्यात जमीन नसते, म्हणून सावली पडण्यास जागाच नसते. तेथे मापकाचा आधार घ्यावा लागतो. सावली आणि मापक ह्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. सावली ही चित्राचाच भाग असून ती नाते सांगते: यान जमिनीपासून किती सुटले आहे. मापक चित्राबाहेर आहे आणि तो नियत शून्यापासूनचे परिमाण सांगतो. पहिली खूण पाहावयाची असते, दुसरी वाचावयाची.

तिसरा उपाय खेळणाऱ्यांच्या हाती होता. समोरच्या भिंतीच्या फटीशी यान बरोबर उंचीवर आहे की नाही हे ठरविण्यासाठी ते गोळ्या झाडून पाहत. गोळी भिंतीवर फुटली तर उंची चुकली, आरपार गेली तर साधली. संभाषणात अर्थ न लागल्यास ऐकणारा उलट प्रश्न विचारतो, तसाच हा प्रकार आहे.

इतर खेळांनी दुसरे मार्ग चोखाळले. अटारी कंपनीच्या १९८३ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये खेळणाऱ्यास वैमानिकाच्या जागी बसविले, यान बाहेरून दिसतच नाही, तेव्हा त्याच्या उंचीविषयीचा हा विशिष्ट घोटाळाही नाही. सेगाच्याच १९८५ च्या ‘स्पेस हॅरियर’मध्ये वस्तू जवळ येताना झपाट्याने मोठ्या होतात, म्हणजे अंतर आकारातून वाचता येते. तथापि तेथेही जमिनीवरील सावल्या टिकून राहिल्या. यंत्राची शक्ती वाढली तरी उंचीची वेगळी खूण टाकून देणे रचनाकारांना सोयीचे वाटले नाही.

५. ‘साकीनाक्यावरून’

आता भाषेकडे वळावे. साकीनाका हा अंधेरी-कुर्ला रस्ता आणि पवईकडे जाणारा साकी विहार रस्ता ह्यांच्या मिलनस्थानी वसलेला भाग होय. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचे एक स्थानक येथे आहे. हा सुमारे साडेअकरा किलोमीटरांचा मार्ग खांबांवरून जातो. विमानतळाची मुख्य धावपट्टी नाक्याच्या दक्षिणेस असून घाटकोपरच्या बाजूने उतरणारी विमाने ह्या परिसरातून बरीच खाली आलेली दिसतात. पुढील तीन वाक्ये ह्या भागात कोणाच्याही तोंडून सहज निघतील:

बस साकीनाक्यावरून गेली.
मेट्रो साकीनाक्यावरून गेली.
विमान साकीनाक्यावरून गेले.

तिन्ही वाक्यांत नामाचे सामान्यरूप तेच आणि अव्यय तेच. परंतु बस नाक्याच्या रस्त्यास टेकून गेली, मेट्रो खांबांच्या उंचीवरून गेली आणि विमान आकाशातून गेले. बसच्या वाक्यात ‘वरून’ म्हणजे ‘त्या वाटेने’. तेथे उंचीचा मागमूस नाही. विमानाच्या वाक्यात उंची हाच मुख्य अर्थ. मेट्रोच्या वाक्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि बोलणाऱ्याच्या मनात त्यांतील कोणता आहे हे त्यालाही सांगता येणार नाही. पडद्यावरील ठिपक्याप्रमाणे ‘साकीनाक्यावरून’ ह्या एका पदात तीन उंच्या एकवटल्या आहेत.

‘वर’ ह्या मूळ अव्ययाचीही हीच गोष्ट आहे. ‘पुस्तक टेबलावर आहे’ ह्यात स्पर्श आहे. ‘पंखा टेबलावर आहे’ हे वाक्य टेबलावर ठेवलेल्या पंख्याविषयी असू शकेल, त्याचप्रमाणे छतास टांगलेल्या व टेबलाच्या बरोबर माथ्यावर आलेल्या पंख्याविषयीही असू शकेल. ‘तो नाक्यावर उभा आहे’ ह्यात उंचीही नाही आणि टेकण्याची कल्पनाही जेमतेमच आहे. येथे ‘वर’ केवळ स्थळाचा निर्देश करतो. मराठीत माणूस ‘चौकात’ उभा राहतो पण ‘नाक्यावर’ उभा राहतो, ‘बाजारात’ जातो पण ‘स्टेशनवर’ जातो. राहण्याविषयी बोलताना मात्र ‘साकीनाक्याला राहतो’ असेच म्हणतात. ‘साकीनाक्यावर राहतो’ म्हटल्यास रस्त्याच्या तिठ्यावर बिऱ्हाड केल्याचा भास होईल. अशा रीतीने ‘वर’ ह्या अव्ययाचे स्पर्श, अंतरयुक्त उंची आणि निव्वळ स्थान असे तीन अर्थ मानावे लागतात.

संस्कृत व्याकरणपरंपरेने अधिकरणाचे औपश्लेषिक, वैषयिक व अभिव्यापक असे तीन प्रकार मानले. चटईवर बसणे हा पहिला प्रकार, कारण तेथे आधाराशी संयोग आहे; तिळांतील तेल हा तिसरा, कारण तेथे आधेय आधारास सर्वत्र व्यापून आहे. आधारास स्पर्श न करता त्याच्या वर असणे ह्याला त्या विभागणीत स्वतंत्र घर नाही, कारण तेथे आधारच उरत नाही. विमानास साकीनाक्याचा आधार नाही. मराठीने आधार असलेली व नसलेली अशी दोन्ही नाती एकाच अव्ययाच्या स्वाधीन केली आहेत. इंग्रजीत टेकलेल्या वस्तूस ‘ऑन’ आणि न टेकलेल्या वस्तूस ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’ असा भेद करतात. परंतु ह्यावरून मराठीत काही उणीव आहे असे समजण्याचे कारण नाही. ‘झॅक्सन’ ज्या देशातून आला त्या जपानच्या भाषेतही ‘उए’ हा एकच शब्द टेबलावरील पुस्तकास आणि टेबलावर लोंबणाऱ्या दिव्यास चालतो.

६. भाषेला सावली का लागत नाही

मग भाषेत अपघात का होत नाहीत? ‘विमान साकीनाक्यावरून गेले’ हे ऐकून कोणीही विमान रस्त्याने गेले असे समजत नाही. ह्याचे उत्तर असे की, सावलीचे काम येथे नाम करते. विमान म्हणजे काय, बस म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यास वाक्याआधीच ठाऊक असते. अव्ययाने तीन उंच्यांपैकी एकही निवडलेली नसते; निवड ऐकणारा आपल्या जगाच्या ज्ञानातून करतो. जे ज्ञान दोघांजवळ आधीच आहे, ते वाक्यात पुन्हा भरणे म्हणजे शब्दांचा अपव्यय होय. भाषेची संदिग्धता ही अशा रीतीने पुष्कळदा काटकसर असते.

‘झॅक्सन’च्या यानाविषयी खेळणाऱ्यास असे कोणतेही पूर्वज्ञान नसते. ते यान कोणत्याही उंचीवर असू शकते आणि क्षणोक्षणी उंची बदलते. नामाकडून मदत नाही, म्हणून वेगळी खूण आवश्यक झाली. ह्यावरून एक नियम मांडता येतो: ज्या प्रमाणात बोलणारा व ऐकणारा ह्यांचे समाईक ज्ञान कमी आणि चुकीची किंमत जास्त, त्या प्रमाणात चिन्हव्यवस्थेस स्पष्ट खुणा निर्माण कराव्या लागतात.

मराठी भाषकही जरूर पडेल तेव्हा ह्या नियमास अनुसरतो. साकीनाक्यास मेट्रो येण्यापूर्वी ‘नाक्यावर भेटू’ एवढे पुरे होते. खांबांवर मार्ग उभा राहिल्यानंतर नाक्यास दोन मजले आले. तेव्हा ‘मेट्रोखाली थांब’ किंवा ‘वर स्टेशनात ये’ असे निवडून सांगणे भाग पडते. ‘खाली’ हा शब्द आला आणि त्याने सावलीचे काम केले. पंख्याच्या वाक्यातही संशय आल्यास ‘टेबलाच्या वर’ असे षष्ठीयुक्त रूप योजून अंतर सुचविता येते. ‘टेबलावर’ आणि ‘टेबलाच्या वर’ ह्यांतील हा भेद काटेकोर नियम म्हणून सांगता येणार नाही, परंतु भाषकाचा कल निश्चितपणे त्या बाजूस आहे.

‘वर’ म्हणताना ‘कशाच्या वर’ हा प्रश्नही बहुधा अनुच्चारित राहतो. मुंबईच्या विमानतळाभोवती, विशेषतः घाटकोपर, कुर्ला, विलेपार्ले व सांताक्रूझ ह्या भागांत, विमानांच्या वाटेमुळे इमारतींच्या उंचीस मर्यादा आहेत. ह्या मर्यादेचा आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो. रहिवासी मात्र इमारत जमिनीपासून मोजतो. साकीनाक्याशेजारच्या असल्फ्यासारख्या टेकडीच्या भागात ह्या दोन मोजण्यांतील फरक थोडाथोडका नसतो. टेकडीची उंची आधीच हिशेबात खर्ची पडलेली असते. एकच ‘उंची’ हा शब्द दोन शून्यांपासून मोजला जातो, आणि कोणते शून्य हे शब्द सांगत नाही.

७. ‘पुढे’ची तीन तोंडे

उंचीइतकाच घोटाळा दिशेविषयीही होतो. ‘झॅक्सन’मध्ये ‘पुढे’ ह्या शब्दास एकाच वेळी तीन अर्थ असतात. यानाचे पुढे म्हणजे पडद्याचा उजवीकडील वरचा कोपरा. पडद्याकडे पाहणाऱ्याचे पुढे म्हणजे काचेच्या आत, जेथे वस्तुतः काहीच नाही. हाताचे पुढे म्हणजे जॉयस्टिक शरीरापासून दूर ढकलणे. आणि खऱ्या विमानातील संकेतास अनुसरून ती पुढे ढकलली असता यान खाली उतरते, जवळ ओढली असता वर चढते. म्हणजे हाताच्या ‘पुढे’चा पडद्यावरील अर्थ ‘खाली’ असा होतो.

स्टीफन लेव्हिन्सन ह्यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात स्थलनिर्देशाच्या तीन चौकटी मानल्या आहेत: वस्तूच्या स्वतःच्या तोंडावरून ठरणारी, पाहणाऱ्यावरून ठरणारी आणि पूर्व-पश्चिमेसारख्या अचल दिशांवरून ठरणारी. ऑस्ट्रेलियातील गुगू यिमिथिर भाषेचे भाषक हाताजवळच्या वस्तूंविषयीही अचल दिशांनीच बोलतात. मराठीत तिन्ही चौकटी सापडतात. ‘बसच्या पुढे उभा राहा’ ह्यात बसचे तोंड प्रमाण. ‘त्या झाडाच्या पुढे दुकान आहे’ ह्यात झाडास तोंड नसल्यामुळे बोलणारा किंवा त्याची वाट प्रमाण. ‘पूर्वेला उतर’ ह्या रेल्वेप्रवाशांच्या नित्य वाक्यात अचल दिशा प्रमाण. नवशिका खेळणारा ‘झॅक्सन’मध्ये गोंधळतो, तेव्हा तो एका चौकटीतील ‘पुढे’ दुसऱ्या चौकटीत वाचीत असतो. सराव म्हणजे तीन चौकटींतील परस्पर भाषांतर बिनचूक व जलद होणे, असे म्हणता येईल.

८. चुकीची किंमत

खेळात चुकीची किंमत एका नाण्याइतकी असते. तीच अडचण खऱ्या आकाशात आली म्हणजे काय होते, हे पाहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

उतरणाऱ्या वैमानिकास डोळ्यांनी दिसणाऱ्या धावपट्टीवरून आपली उंची नेहमीच बरोबर वाचता येते असे नाही. रात्री अंधाऱ्या भूभागावरून येताना तो आपण प्रत्यक्षापेक्षा उंच आहोत असे समजून फार खाली येण्याचा धोका असतो. म्हणून धावपट्टीच्या कडेस चार दिव्यांची ओळ लावण्याची पद्धत आहे. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर वाट बरोबर. चारही पांढरे तर विमान फार उंच. चारही तांबडे तर फार खाली. येथे उंची दिसत नाही, ती रंगांतून वाचली जाते. विमानातील रेडिओ-उंचीमापक खालच्या जमिनीपासूनचे अंतर सांगतो, म्हणजे ‘झॅक्सन’मधील सावलीचे काम करतो, हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक नियत पातळीपासूनचा आकडा देतो, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीचे काम करतो.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे मृत्यू पावली. सौदी विमान दिल्लीहून निघून चढत होते आणि त्यास १४,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. कझाक विमान दिल्लीकडे उतरत होते आणि त्यास १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकांपुढे असलेला रडार जुन्या पद्धतीचा होता. त्यावर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. दोन ठिपके एकमेकांजवळ येत असल्याचे पडदा सांगू शकत होता. त्यांत हजार फुटांचे अंतर आहे की काहीच नाही, हे मात्र सांगू शकत नव्हता. उंचीची सर्व जबाबदारी रेडिओवरील संभाषणावर, म्हणजे बोललेल्या व ऐकलेल्या शब्दांवर येऊन पडली होती. ह्या घटनेनंतर विमानाकडून उंचीचा आकडा मिळविणाऱ्या दुय्यम रडाराची आणि विमानांतील टक्करसूचक यंत्रांची व्यवस्था भारतात करण्यात आली.

ज्या पडद्यावर सावली नाही व मापकही नाही, तेथे तिसरी संख्या भाषेकडे सोपविली जाते. ती पेलावयाची तर भाषेला आपली नेहमीची काटकसर सोडावी लागते. ‘वर’, ‘खाली’, ‘थोडे उंच’ ह्या शब्दांनी तेथे भागत नाही. आकडा सांगावा लागतो आणि ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा उलट म्हणून दाखवावा लागतो. वैमानिक व नियंत्रक ह्यांच्या संभाषणात हा परिपाठ आहेच. व्यवहारातील मराठीस तो लावणे अनावश्यक आणि हास्यास्पद होईल. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य आहेत.

९. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, सपाट पडद्यावरील खोली ही दिसत नसून वाचली जाते. तिच्या मागे एक संकेतव्यवस्था असते व ती शिकावी लागते. दुसरी अशी की, संदिग्धता हा चिन्हव्यवस्थेचा दोष आहे की गुण, हे त्या व्यवस्थेकडे पाहून ठरत नाही. ती वापरणाऱ्यांजवळ समाईक ज्ञान किती आहे आणि चूक किती महाग आहे, ह्यावर ते ठरते. तिसरी गोष्ट मराठीच्या अभ्यासापुरती आहे. ‘वर’ आणि ‘वरून’ ह्यांच्या कोशातील नोंदींत स्पर्श, अंतरयुक्त उंची, मार्ग व निव्वळ स्थान हे अर्थ वेगळे दाखवून प्रत्येकापुढे कोणत्या जातीचे नाम आले असता तो अर्थ निघतो, हे नोंदविणे अगत्याचे आहे. मराठी मातृभाषा असलेल्यास ही नोंद अनावश्यक वाटेल, कारण विमान आणि बस ह्यांतील भेद तो बाळपणीच शिकला आहे. परंतु मराठी शिकणारा परभाषक आणि मराठीचे भाषांतर करणारे यंत्र ह्यांच्यापुढे ‘साकीनाक्यावरून’ हे पद सावली नसलेल्या यानासारखेच उभे राहते. त्यांच्यासाठी ती सावली काढून देणे हे कोशकाराचे आणि व्याकरणकाराचे काम होय.